थोडं, बरंच, भरपूर : फझी लॉजिकचा हिशेब

महाराष्ट्रात अतिवृष्टी कशाला म्हणायचं, हे ठरलेलं आहे. महसूल मंडळातल्या पर्जन्यमापकात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस नोंदला गेला, की त्या मंडळात अतिवृष्टी झाली. एका मंडळात ६४ मिलिमीटर पडला आणि ओढ्यापलीकडच्या मंडळात ६६, तर कागदावर पलीकडे अतिवृष्टी होते, अलीकडे होत नाही. बांधावर उभं राहून पाहणाऱ्याला मात्र दोन्हीकडचं सोयाबीन सारखंच पाण्यात दिसतं.

सरकारला कुठेतरी रेघ मारावीच लागते. रोजच्या बोलण्यात आपण ती मारत नाही. ‘काल बऱ्यापैकी झाला’, ‘नुसतीच भुरभुर होती’, ‘पहाटे चांगलाच कोसळला’ असं म्हणतो. यातल्या एकाही शब्दाला मिलिमीटरची हद्द नाही. तरीही समोरच्याला अर्थ पोचतो आणि त्यावर फवारणी आज करायची की दोन दिवस थांबायचं, हे ठरतंही. माणसाचं काम अशा सैल शब्दांवर चालतं. यंत्राला मात्र आकडा लागतो. सैल शब्द आणि नेमका आकडा यांच्यामधला पूल म्हणजे फझी लॉजिक.

एक गैरसमज आधीच दूर करू. फझी लॉजिक म्हणजे अंदाजपंचे दाहोदरसे चालणारं तर्कशास्त्र नव्हे. त्यात सैल असतात ते शब्द. त्या शब्दांवरचा हिशेब अगदी पक्का असतो, आणि कागद-पेन्सिल घेऊन तो कुणालाही करता येतो. या लेखात तो एकदा शेवटपर्यंत करून पाहू.

आत, बाहेर आणि अधेमधे

शाळेत नववीला संच शिकवतात, तेव्हा सुरुवातीलाच एक अट घालतात : एखादी गोष्ट संचात आहे की नाही, हे नेमकं सांगता आलं पाहिजे. म्हणून ‘आठवड्याचे वार’ हा संच होतो, ‘वर्गातली हुशार मुलं’ हा होत नाही. कुणाला हुशार म्हणायचं यावर एकमत होणार नाही, म्हणून असले समूह गणिताच्या दाराबाहेर ठेवले जातात.

१९६५ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या शाखेतले प्राध्यापक लोत्फी झादेह यांनी नेमक्या याच दाराबाहेरच्या समूहांवर एक शोधनिबंध लिहिला. ‘उंच माणसं’, ‘१ पेक्षा खूप मोठ्या संख्या’ ही त्यांनी दिलेली उदाहरणं. त्यांची कल्पना साधी होती. संचात असणं-नसणं हा हो-नाहीचा प्रश्न मानूच नका. प्रत्येक घटकाला ० ते १ यांच्यामधली एक मात्रा द्या. ० म्हणजे संचाच्या पूर्ण बाहेर, १ म्हणजे पूर्ण आत आणि ०.३ म्हणजे थोडासा आत.

पावसावरच हे करून पाहू. ‘जोरदार पाऊस’ हा आपला संच. समजा, आपण असं ठरवलं की ४० मिलिमीटरपर्यंतच्या पावसाला कुणी जोरदार म्हणणार नाही, तेव्हा मात्रा ०. ९० मिलिमीटरच्या पुढे कुणीच वाद घालणार नाही, तेव्हा मात्रा १. मधल्या पट्ट्यात ती एकसारखी चढत जाते. मग ६५ मिलिमीटरची मात्रा येते ०.५, ६४ची ०.४८ आणि ६६ची ०.५२. ओढ्याच्या अलीकडचं आणि पलीकडचं अंतर आता ०.०४ उरलं. पाऊस जितका बदलला, त्याच प्रमाणात मात्रा बदलली.

४० आणि ९० हे आकडे आले कुठून? आपण ठरवले. रत्नागिरीतला माणूस ते वर सरकवेल, सोलापुरातला खाली आणेल. फझी लॉजिकमध्ये हा दोष मानत नाहीत. ‘जोरदार’ या शब्दाचा अर्थ प्रदेशाप्रमाणे, हंगामाप्रमाणे आणि कामाप्रमाणे बदलतोच, आणि तो बदल मात्रेच्या आलेखाच्या आकारात उघडपणे मांडलेला असतो. कुणाला पटला नाही तर बोट ठेवून दाखवता येतं, की इथे ४० ऐवजी ५० धरा.

याच आलेखात एक जुना पेचही विरघळतो. धान्याच्या ढिगातला एक दाणा काढला तर तो ढीगच राहतो. आणखी एक काढला तरी राहतो. मग ढीग संपतो कुठल्या दाण्याला? इसवी सन पूर्व चौथ्या शतकातल्या युब्युलिडीस या ग्रीक तत्त्वज्ञाच्या नावावर हा प्रश्न सांगितला जातो. फझी लॉजिकचं उत्तर असं की असा दाणा नसतोच. प्रत्येक दाण्यागणिक ढीगपणाची मात्रा किंचित उतरत जाते.

‘आणि’, ‘किंवा’, ‘खूप’, ‘तसा’

मात्रा मिळाल्या, की त्यांचा आपसात हिशेब लागतो. झादेह यांनी दिलेले नियम तीन ओळींत मावतात.

‘नाही’साठी मात्रा १ मधून वजा करायची. ८० मिलिमीटर पाऊस ०.८ मात्रेने जोरदार असेल, तर तो ०.२ मात्रेने ‘जोरदार नाही’.

‘आणि’साठी दोन मात्रांपैकी लहान घ्यायची. पाऊस ०.८ जोरदार आहे, पण ०.३ एवढाच सलग आहे. ‘जोरदार आणि सलग’ हे विधान मग ०.३ खरं. दोन्ही गोष्टी हव्यात म्हटल्यावर जी लंगडी आहे तिच्यापेक्षा जास्त खरेपणा मिळणार कसा?

‘किंवा’साठी मोठी मात्रा घ्यायची. ‘जोरदार किंवा सलग’ हे ०.८ खरं.

मात्रा नेमकी ० किंवा १ असेल, तर हे तिन्ही नियम नेहमीच्या तर्कशास्त्रासारखीच उत्तरं देतात. म्हणजे जुनं तर्कशास्त्र मोडीत निघत नाही, ते या पट्ट्याच्या दोन टोकांवर शाबूत राहतं. मध्ये मात्र एक वेगळी गोष्ट घडते. ६५ मिलिमीटरचा पाऊस ०.५ जोरदार आणि ०.५ ‘जोरदार नाही’, असा एकाच वेळी दोन्ही असतो. ॲरिस्टॉटलपासून चालत आलेला, विधान एक तर खरं किंवा खोटं, तिसरी वाट नाही, हा दंडक इथे सुटतो. त्याला प्रश्न विचारणारे झादेह पहिलेच नव्हते. पोलिश तर्कशास्त्रज्ञ यान वुकासिएविच यांनी १९२० मध्येच खरं आणि खोटं यांच्यात तिसरं मूल्य मांडलं होतं.

पुढे झादेह यांनी ‘खूप’ आणि ‘तसा’ यांसारख्या शब्दांनाही गणित दिलं. ‘खूप’ म्हटलं की मात्रेचा वर्ग करायचा. ८० मिलिमीटर पाऊस ०.८ जोरदार, तर ‘खूप जोरदार’ ०.६४. ‘खूप’ची कसोटी कडक असते, म्हणून मात्रा उतरते. ‘तसा जोरदारच म्हणायचा’ अशी सूट दिली, की वर्गमूळ : जवळपास ०.८९. माणसं बोलताना मनातल्या मनात वर्ग आणि वर्गमूळ काढतात, असा याचा दावा नाही. ‘खूप’ने अट आवळते आणि ‘तसा’ने ढिली होते, एवढं या गणितात नीट उतरतं.

शक्यता ही निराळी गोष्ट

० ते १ मधला आकडा दिसला, की पुष्कळांना तो संभाव्यतेचा वाटतो. हवामान खात्याने सांगितलं, की उद्या जोरदार पावसाची शक्यता ७० टक्के आहे. हा आकडा आपल्या अज्ञानाचं माप आहे. उद्या संध्याकाळी पर्जन्यमापक वाचला, की अज्ञान संपतं आणि ७० टक्केही संपतात. पाऊस झाला किंवा झाला नाही, एवढंच उरतं.

आता, ‘आजचा पाऊस ०.७ मात्रेने जोरदार होता’ हे वाक्य घ्या. पर्जन्यमापक वाचून झालेला आहे. ७५ मिलिमीटर, यात काहीही लपलेलं नाही. आणखी कितीही माहिती मिळाली तरी ०.७ चा १ होणार नाही. कारण इथे अनिश्चितता घटनेत नाही, ‘जोरदार’ या शब्दाच्या कडांमध्ये आहे. संभाव्यता विचारते, होईल का? फझी मात्रा विचारते, जे झालं त्याला हा शब्द कितपत लागू पडतो? हा फरक लक्षात आला, की फझी लॉजिकचा निम्मा गुंता सुटतो.

बाकूपासून लंडनच्या बॉयलरपर्यंत

झादेह यांचा जन्म १९२१ सालचा, कास्पियन समुद्राकाठच्या बाकू शहरातला. शिक्षण तेहरानमध्ये, पुढे अमेरिकेत एमआयटी आणि कोलंबिया विद्यापीठात. पेशाने ते विद्युत अभियंते. एखादी यंत्रणा जितकी गुंतागुंतीची, तितकी तिची नेमकी समीकरणं हाताबाहेर जातात, ही त्यांची मूळ तक्रार होती. १९७३ मध्ये त्यांनी पुढचं पाऊल टाकलं : समीकरणांऐवजी ‘असं असेल तर तसं कर’ अशी वाक्यं वापरायची आणि त्यांतले शब्द फझी ठेवायचे.

ही कल्पना पहिल्यांदा प्रत्यक्ष यंत्रावर चालवली ती लंडनच्या क्वीन मेरी कॉलेजात एब्राहिम मामदानी यांनी. टांझानियात जन्मलेले मामदानी भारतात शिकून १९६६ साली इंग्लंडला गेले होते. त्यांनी आणि त्यांचे विद्यार्थी आसिलियान यांनी प्रयोगशाळेतलं एक छोटं वाफेचं इंजिन घेतलं. बॉयलरमधला दाब आणि इंजिनाचा वेग, या दोन गोष्टी हव्या त्या पातळीवर टिकवायच्या होत्या. हाताशी दोन उपाय : उष्णता कमीजास्त करणं आणि वाफेची झडप उघडझाप करणं. बॉयलरवरचा कसबी माणूस जसा विचार करेल, तसे नियम त्यांनी लिहून काढले. दाब हवा त्यापेक्षा बराच कमी असेल आणि फारसा बदलत नसेल, तर उष्णता बरीच वाढवायची, अशा धाटणीचे. इंजिनाचं पूर्ण गणित न मांडताही ते या नियमांवर व्यवस्थित चाललं. या प्रयोगाचे निबंध १९७४-७५ मध्ये प्रसिद्ध झाले. आज ‘मामदानी पद्धत’ म्हणून अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना जी शिकवतात, ती हीच.

त्यानंतर डेन्मार्कमध्ये सिमेंटच्या भट्टीवर ही पद्धत आली. फिरत्या भट्टीत क्लिंकर, म्हणजे ज्यापासून सिमेंट दळतात ते खडे, भाजायला १४५० अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान लागतं. आत चाललेल्या उलाढालीचं समीकरण मांडणं जिकिरीचं, पण भट्टीवर वर्षं काढलेल्या माणसांना कधी इंधन वाढवायचं आणि कधी हवा, हे पाठ असतं. शब्दांत सांगता येणारं कसब आणि समीकरणाला दाद न देणारं यंत्र, अशी जोडी जिथे असते तिथे फझी लॉजिक शोभतं.

धुलाई यंत्राच्या पोटात

आता आपल्या घरातल्या यंत्राकडे येऊ. आपल्याकडच्या अनेक स्वयंचलित वॉशिंग मशीनच्या पॅनेलवर ‘फझी’ हा शब्द दिसतो. बटण दाबलं की यंत्र थोडा वेळ ‘विचार’ करतं आणि मग पाणी व वेळ ठरवतं. त्या वेळात काय होतं?

हाताने धुणं धुणारी बाई काय करते, ते आधी पाहू. बादलीत भिजवलेल्या कपड्यांचं पाणी ती एकदा बघते. पाणी लगेच मातकट झालं असेल, तर मळ वरवरचा, मातीचा. तो चार वेळा खळबळल्यावर निघून जातो. पाणी हळूहळू, घासेल तसतसं काळवंडत गेलं, तर मळ तेलाचा किंवा घामाचा, चिकट. तिथे कॉलर आणि कफ घासावेच लागतात. म्हणजे ती दोन गोष्टी पाहते : पाणी किती गढूळ झालं, आणि गढूळ व्हायला किती वेळ लागला.

ज्या यंत्रांत प्रकाशाचा सेन्सर असतो, ती नेमकं हेच करतात. पाण्याच्या वाटेवर एका बाजूला छोटा दिवा आणि समोर प्रकाश टिपणारा घटक बसवलेला असतो. पाणी गढूळ होत जातं तसा समोर पोचणारा प्रकाश कमी होतो. तो किती कमी झाला यावरून मळाचं प्रमाण कळतं. तो घटत घटत स्थिरावायला किती वेळ लागला, यावरून मळाची जात कळते. स्वस्त यंत्रांत हा सेन्सर बहुधा नसतो. ती फक्त कपड्यांचं वजन ताडतात. मोटर थोडी फिरवून तिच्यावर किती भार येतो हे पाहायचं आणि त्यावरून पाण्याची पातळी व वेळ ठरवायची.

आपण प्रकाशाचा सेन्सर असलेलं यंत्र घेऊ. पुढचे आकडे समजण्यापुरते मी ठरवलेले आहेत. प्रत्येक कंपनीचे आकडे आपापले असतात, रीत मात्र हीच.

गढूळपणा ० ते १०० मध्ये मोजू. ‘कमी’ची मात्रा शून्याशी १ असते आणि ५० पर्यंत उतरून ० होते. ‘मध्यम’ शून्यापासून चढतो, ५० ला १ होतो आणि १०० ला परत ० होतो. ‘जास्त’ ५० ला सुरू होतो आणि १०० ला १ होतो. या तीन आकृत्या एकमेकींवर चढलेल्या आहेत, आणि तशा त्या मुद्दाम ठेवलेल्या असतात.

मळाची जात स्थिरावण्याच्या वेळेवरून ठरवू. गढूळपणा २ मिनिटांत स्थिरावला तर मळ पूर्ण ‘सुटा’. ६ मिनिटं लागली तर पूर्ण ‘चिकट’. मध्ये एकाची मात्रा उतरते, दुसऱ्याची चढते.

मग नियम. गढूळपणाचे तीन आणि जातीचे दोन, म्हणजे सहा :

१. गढूळपणा कमी आणि मळ सुटा, तर ६ मिनिटं धू.
२. कमी आणि चिकट, तर १० मिनिटं.
३. मध्यम आणि सुटा, तर १० मिनिटं.
४. मध्यम आणि चिकट, तर १४ मिनिटं.
५. जास्त आणि सुटा, तर १४ मिनिटं.
६. जास्त आणि चिकट, तर १८ मिनिटं.

हिशेब

शाळेतून मुलं आली आणि त्यांचे गणवेश यंत्रात पडले. मैदानावरची माती भरपूर, तेलकटपणा थोडा. सेन्सरने गढूळपणा ७० सांगितला आणि तो ३ मिनिटांत स्थिरावला.

पहिली पायरी, आकड्याचे शब्द करायचे. गढूळपणा ७० म्हणजे ‘कमी’ ०, ‘मध्यम’ ०.६ आणि ‘जास्त’ ०.४. वेळ ३ मिनिटं म्हणजे ‘सुटा’ ०.७५ आणि ‘चिकट’ ०.२५. मळ एकाच वेळी मध्यमही आहे आणि जास्तही.

दुसरी पायरी, प्रत्येक नियम किती जोराने लागू पडतो ते पाहायचं. नियमांत ‘आणि’ आहे, म्हणून लहान मात्रा घ्यायची. ‘कमी’ शून्य असल्याने पहिले दोन नियम गप्प. तिसरा नियम : ०.६ आणि ०.७५ मधला लहान, ०.६. चौथा : ०.६ आणि ०.२५, म्हणून ०.२५. पाचवा : ०.४ आणि ०.७५, म्हणून ०.४. सहावा : ०.४ आणि ०.२५, म्हणून ०.२५. नेहमीच्या संगणक प्रोग्रॅममध्ये यातला एकच नियम निवडला गेला असता. इथे चार नियम एकदम बोलतात, कुणी मोठ्याने, कुणी हळू.

तिसरी पायरी, एकच गोष्ट सांगणाऱ्यांना एकत्र करायचं. चौथा आणि पाचवा, दोघेही १४ मिनिटं म्हणतात. त्यातला मोठा जोर धरायचा, ०.४. मग उरतं ते असं : १० मिनिटांच्या बाजूने ०.६, १४ च्या बाजूने ०.४, १८ च्या बाजूने ०.२५.

चौथी पायरी, शब्दांचा पुन्हा आकडा करायचा. मोटरला ‘बराच वेळ’ कळत नाही, मिनिटं कळतात. प्रत्येक वेळेला तिच्या जोराने गुणायचं, बेरीज करायची आणि जोरांच्या बेरजेने भागायचं. १० गुणिले ०.६ म्हणजे ६, १४ गुणिले ०.४ म्हणजे ५.६, १८ गुणिले ०.२५ म्हणजे ४.५. बेरीज १६.१. जोरांची बेरीज १.२५. भागाकार १२.८८. यंत्र जवळपास १२ मिनिटं ५३ सेकंद कपडे धुणार.

मामदानी यांच्या मूळ पद्धतीत ‘थोडा वेळ’, ‘बराच वेळ’ यांच्याही आकृत्या असतात. त्या जोराच्या उंचीवर कापून, एकत्र करून, तयार झालेल्या आकाराचा गुरुत्वमध्य काढतात. आपण प्रत्येक आकृतीऐवजी एकेकच आकडा घेतला. छोट्या चिपवर हीच सोपी रीत परवडते. मोटोरोलाच्या ६८एचसी१२ या मायक्रोकंट्रोलरमध्ये तर मात्रा काढणं, नियम तपासणं आणि अशी भारित सरासरी काढणं, यांसाठी स्वतंत्र सूचनाच दिलेल्या होत्या.

आता या सगळ्या खटाटोपाचं फळ पाहू. गढूळपणा ७० ऐवजी ७१ निघाला, तर तोच हिशेब १२.९४ मिनिटं देतो. फरक साधारण ४ सेकंदांचा. त्याऐवजी यंत्रात ‘७० पर्यंत मध्यम, त्यापुढे जास्त’ अशी रेघ मारलेली असती, तर सुट्या मळाच्या याच कपड्यांची वेळ १० वरून एकदम १४ मिनिटांवर उडी मारती. पाण्यात एक बुडबुडा इकडचा तिकडे झाला तरी सेन्सरचा आकडा एकदोनने हलतो. रेघेवर बसलेलं यंत्र अशा हालचालीने धरसोड करत राहतं. सहा साध्या वाक्यांनी ही धरसोड थांबवली, आणि त्यासाठी कपडे, साबण, माती यांचं एकही समीकरण लागलं नाही.

पावसाळ्यात नळालाच मातकट पाणी येतं, तेव्हा काय? सेन्सर तो गढूळपणाही मळात धरण्याचा धोका असतो. म्हणून कपड्यांचा मळ सुटण्याआधी, नुसत्या पाण्यातून किती प्रकाश जातो ते मोजून ठेवायचं आणि पुढचं मोजमाप त्याच्या तुलनेत करायचं, हा त्यावरचा उपाय. नियम कितीही चांगले असले तरी सेन्सर फसला तर उत्तर फसतं. फझी लॉजिक चुकीची माहिती दुरुस्त करत नाही.

सेंदाईची भुयारी रेल्वे

अमेरिकेत झादेह यांच्या कल्पनेला थंड प्रतिसाद मिळत असताना जपानी अभियंत्यांनी ती उचलून धरली. जुलै १९८७ मध्ये सेंदाई शहरात भुयारी रेल्वे सुरू झाली. तिच्या गाड्यांचा वेग आणि ब्रेक हिताचीच्या फझी नियंत्रकाकडे होते. या नियंत्रकाची युक्ती अशी, की तो आधी मनाशी ताडून पाहतो : आत्ता ब्रेक एक खाच जास्त लावला तर पुढे काय होईल, आहे तसाच ठेवला तर काय होईल? मग प्रत्येक पर्यायाला सुरक्षितता, प्रवाशांना बसणारे हिसके, विजेचा खर्च, वेळ आणि फलाटावर नेमक्या जागी थांबणं, अशा कसोट्या लावतो. ‘हिसके फार नकोत’ आणि ‘नेमकं थांबलं पाहिजे’ या दोन्ही मागण्या फझी शब्दांतल्या, आणि पुष्कळदा परस्परविरोधी. त्यांची तडजोड मात्रांच्या हिशेबाने होते.

१९९० च्या सुमाराला मात्सुशिता या जपानी कंपनीचं फझी वॉशिंग मशीन बाजारात आलं. पाठोपाठ राइस कुकर, व्हॅक्यूम क्लीनर, कॅमेरे. ‘फझी’ हा शब्द जपानमध्ये इतका तोंडी बसला, की १९९० च्या नव्या शब्दांच्या वार्षिक पुरस्कारांत त्याला सुवर्ण पारितोषिक मिळालं. आपल्याकडच्या पॅनेलवरचा शब्द याच लाटेबरोबर आला.

मर्यादा आणि भांडणं

या कल्पनेला विरोध करणारे ऐरेगैरे नव्हते. रुडॉल्फ कालमन यांनी दिलेल्या गणितावर अपोलो यानांचं दिशादर्शन चाललं. त्यांनी १९७२ मध्ये झादेह यांच्या समोरच फझी विचारांवर कडक टीका केली. संगणकातल्या अपूर्णांकांच्या आकडेमोडीची शिस्त घालून देणारे विल्यम कहान हे बर्कलीतलेच सहकारी, तेही कायम विरोधात राहिले. त्यांच्या म्हणण्याचा गाभा असा : सैल विचाराला गणिताचा मुलामा दिला की तो पक्का होत नाही. आणि संभाव्यता व नियंत्रणशास्त्र हाताशी असताना नवं काही कशाला?

या टीकेत तथ्य आहे. विमानाचा तोल सांभाळण्यासारख्या कामात यंत्रणेची समीकरणं माहीत असतात. ती वापरून नियंत्रण कधीही डगमगणार नाही, हे सिद्ध करता येतं. नियमांच्या यादीबाबत अशी सिद्धता देणं अवघड जातं. दुसरी अडचण संख्येची. आपल्या उदाहरणात सहा नियमांत भागलं. चार मोजमापं आणि प्रत्येकाच्या पाच पायऱ्या घेतल्या, तर पूर्ण यादी ६२५ नियमांची होते. ती हाताने लिहिणं आणि तिच्यातल्या विसंगती शोधणं माणसाच्या आवाक्याबाहेर जातं.

तिसरी मर्यादा कायद्याची. पिकाचं नुकसान ३३ टक्क्यांहून कमी असेल तर मदत नाही, असा निकष असतो. तिथे ०.४८ मात्रेची मदत द्यावी का? गणित म्हणेल, जरूर द्यावी, मदत नुकसानीच्या मापात चढती ठेवावी. पण प्रत्येक शेताची मात्रा काढायची म्हणजे पंचनामा करणाऱ्याच्या हाती तेवढं जास्त मोकळं रान. रेघ क्रूर असली तरी तिच्यापुढे वशिला कमी चालतो. कुठे रेघ हवी आणि कुठे उतार, हे गणित ठरवत नाही. ते आपण ठरवतो.

आणि या यंत्रांना हुशारी चिकटवण्याआधी एक आठवण ठेवलेली बरी. आपल्या उदाहरणातलं यंत्र काहीही शिकत नाही. सहा नियम आणि पाच आकृत्या कारखान्यात चिपमध्ये भरल्या गेल्या, त्या यंत्र भंगारात जाईपर्यंत तशाच. त्यातलं शहाणपण नियम लिहिणाऱ्याचं.

वाचता येणारे नियम

पण याच गोष्टीत फझी लॉजिकची मोठी ताकद आहे. आजकालच्या पुष्कळ प्रणाली लाखो उदाहरणांवरून स्वतः शिकतात आणि फझी नियंत्रकापेक्षा कितीतरी अवघड कामं करतात. त्यांनी एखादं उत्तर का दिलं, हे मात्र त्यांच्या आतल्या कोट्यवधी आकड्यांतून काढणं तज्ज्ञांनाही जड जातं. फझी नियंत्रकाला विचारलं, की १२ मिनिटं ५३ सेकंद का? तर उत्तर वर लिहिलेलंच आहे : तिसरा नियम सर्वांत जोरात बोलला, पाचवा त्याच्या पाठोपाठ, चौथा आणि सहावा हळू. भट्टीवरचा कामगार, रेल्वेचा चालक किंवा धुणं धुणारी बाई ती यादी वाचू शकते. सहाव्या नियमावर बोट ठेवून ती म्हणू शकते, ‘चिकट मळाला अठरा मिनिटं पुरत नाहीत, बावीस करा.’ अभियंत्याने एक आकडा बदलायचा आणि पुन्हा हिशेब करायचा.

झादेह २०१७ साली, वयाच्या ९६ व्या वर्षी गेले. शब्दांनी हिशेब करायचा, हे सूत्र त्यांनी अखेरपर्यंत धरून ठेवलं होतं. ते पडताळायला वॉशिंग मशीन उघडण्याची गरज नाही. तुम्ही रोज अंदाजाने करता असं एखादं काम घ्या, कुंड्यांना पाणी घालण्याचं म्हणा. माती किती कोरडी, ऊन किती, आणि पाणी किती, याचे चार-सहा नियम घरातल्या जाणत्या माणसाला विचारून लिहून काढा. ‘जरा कोरडी’ म्हणजे कुठपासून कुठपर्यंत, यावरून घरात पहिला वाद होईल. तो मिटवून जो आलेख कागदावर उतरेल, तो तुमचा पहिला फझी संच.